पन्नाशीतला पोलिओ

१. पोलिओ परत येतो का?

"लहानपणी पोलिओ झाला होता. तेव्हापासून एवढी वर्षं चालतोय, नोकरी केली, घर बांधलं, मुलांची लग्नं केली. आता दोन वर्षांपासून पाय साथ देत नाही. पोलिओ परत येतो का हो?"

हा प्रश्न विचारणारी माणसं बहुधा चाळिशी ते साठीतली असतात. पूर्वी तीन जिने एका दमात चढणाऱ्याला आता पहिल्याच मजल्यावर थांबावं लागतं. दुपारनंतर अंगातलं सगळं त्राण गेल्यासारखं वाटतं. गुडघा अचानक दुमडतो आणि माणूस रस्त्यात पडतो. सगळ्यात घाबरवणारी गोष्ट म्हणजे, आयुष्यभर ज्याच्या जोरावर सगळं केलं तो 'चांगला' पायही दुखायला आणि दमायला लागतो. घरचे म्हणतात वय झालं. डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतात. कुणी सांगतं, व्यायाम वाढवा. माणूस तो वाढवतो आणि त्याची ताकद आणखी घटते.

आधी उत्तर सांगतो. पोलिओ परत येत नाही. विषाणू त्या तापानंतर काही आठवड्यांतच शरीरातून गेलेला असतो. त्यामुळे नातवंडांना आपल्यापासून काही होईल ही भीती मनातून काढून टाकावी. पण होणारा त्रास खरा आहे आणि त्याचं मूळ त्या जुन्या पोलिओतच आहे. याला 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम' म्हणतात, मराठीत पोलिओ-उत्तर लक्षणसमूह. पोलिओतून वाचलेल्या १०० जणांपैकी साधारण २५ ते ४० जणांना तो होतो, असा अंदाज आहे. तो का होतो हे समजण्यासाठी आधी लहानपणीच्या त्या तापाकडे जाऊ.

२. त्या तापात काय घडलं

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. दूषित पाणी, न धुतलेले हात, उघड्यावरची विष्ठा, हा त्याचा प्रवासाचा रस्ता. घशात आणि आतड्यात तो वाढतो आणि बहुतेक मुलांमध्ये तिथेच थांबतो. त्यांना काहीच जाणवत नाही, फार तर दोन दिवस ताप आणि जुलाब होतात. लागण झालेल्या सुमारे २०० मुलांपैकी एखाद्याच मुलात तो मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि कायमचं अपंगत्व देतो.

मज्जारज्जूच्या पुढच्या भागात काही मोठ्या चेतापेशी असतात. मेंदूकडून आलेला हुकूम स्नायूपर्यंत नेणं हे त्यांचं काम. विषाणू नेमका त्यांच्यावर जातो. स्पर्श, वेदना, ऊनगार यांची जाणीव नेणाऱ्या चेतापेशींना तो सहसा हात लावत नाही. म्हणूनच पोलिओच्या पायाला चिमटा काढलेला कळतो, चटका कळतो, पण तो पाय उचलता येत नाही. ज्या चेतापेशी मेल्या, त्या पुन्हा उगवत नाहीत. हुकूम मिळेनासा झालेला स्नायू वाळत जातो, आणि वाढत्या वयाचं मूल असेल तर तो पाय लांबीलाही आखूड राहतो.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण ती अनेक घरांत वर्षानुवर्षं सलते आहे. "ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी पाय गळाला," असं सांगणाऱ्या आया गावोगाव आहेत. त्यांच्या सांगण्यात तथ्य आहे. सुईतून पोलिओ आला असं सहसा घडलेलं नसतं, विषाणू आधीच अंगात शिरलेला असतो. पण अशा वेळी स्नायूत दिलेलं इंजेक्शन लकव्याची शक्यता वाढवतं आणि बहुधा टोचलेल्या अवयवालाच फटका बसतो, हे वैद्यकाने अभ्यासून मान्य केलं आहे. भारतातल्या रुग्णांवरही असे अभ्यास झाले. प्रत्येक तापाला इंजेक्शन देण्याची आणि मागण्याची पद्धत आपल्याकडे होती. साध्या तापावर निभावली असती अशी कितीतरी मुलं त्यापायी अपंग झाली. ज्या आईने मुलाला दवाखान्यात नेलं, तिने त्या काळात करण्यासारखं होतं तेच केलं. तिच्याकडे दोष जात नाही.

३. मग ताकद आली कुठून?

चेतापेशी मेल्या त्या मेल्याच, तर मग पूर्ण लुळं पडलेलं मूल वर्षा-दोन वर्षांत उठून चालायला कसं लागलं?

गावातली डीपी आठवा. प्रत्येक डीपीवर ठरावीक घरं असतात. एका वादळात दहापैकी सात डीपी जळाल्या आणि नव्या मिळायची सोय नाही, असं समजा. उरलेल्या तीन डीपींवरून तारा ओढून अंधारातल्या घरांना वीज देता येते. गाव पुन्हा उजळतं. बाहेरून येणाऱ्याला काही बिघडलं होतं याचा पत्ताही लागत नाही. फक्त त्या तीन डीपींवर आता दुप्पट-तिप्पट भार असतो, दिवस-रात्र.

शरीराने नेमकं हेच केलं. प्रत्येक चेतापेशीकडे स्नायूतले काही तंतू सोपवलेले असतात. मोठ्या स्नायूंत ही संख्या शेकड्यांत, कधी हजारांत जाते. शेजारच्या पेशी मेल्यावर वाचलेल्या पेशींनी नव्या फांद्या फोडल्या आणि निराधार झालेले तंतू आपल्याकडे घेतले. काही पेशींनी तर मूळच्या कित्येक पट तंतू सांभाळले. उरलेले तंतूही वापराने जाड झाले. मालिश, शेक, आई-आजीने करून घेतलेले व्यायाम, शस्त्रक्रिया या सगळ्याचा हातभार लागला, पण खरी किमया या फांद्यांची.

सोयीसाठी आकडे घेऊन पाहू. मांडीच्या एका स्नायूला १०० चेतापेशी, प्रत्येकीकडे १,००० तंतू, म्हणजे एकूण एक लाख तंतू. पोलिओत ७० पेशी मेल्या. उरलेल्या ३० पेशींकडे ३०,००० तंतू. आता प्रत्येक पेशीने फांद्या फोडून ३,००० तंतूंपर्यंत मजल मारली, तर ३० गुणिले ३,००० म्हणजे ९०,००० तंतू पुन्हा चालते झाले. पेशी उरल्या ३० टक्के, ताकद आली ९० टक्के. घरच्यांनी देवाला नारळ फोडला आणि तो योग्यच होता.

या हिशेबात एक बाब मात्र लपून राहते. निम्म्या चेतापेशी गेल्या तरी स्नायू हाताने तपासल्यावर सर्वसाधारण वाटू शकतो. म्हणजे ज्या पायाला किंवा हाताला 'पोलिओ झालाच नव्हता' असं आपण धरून चालतो, त्यालाही तो थोडा झालेला असू शकतो. त्या 'चांगल्या' पायाने मग आयुष्यभर दोन पायांचं काम केलेलं असतं.

४. तीस-चाळीस वर्षांनी

जादा भाराच्या डीपीचं पुढे काय होतं, हे उन्हाळ्यातल्या रात्री आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एकदम जळत नाही. आधी दिवे मंद होतात, मग एकेक तार तुटते.

तिप्पट फांद्या सांभाळणाऱ्या चेतापेशीला त्या सगळ्यांना पोसावं लागतं, त्यांची सतत दुरुस्ती करावी लागते. स्थिर दिसणाऱ्या काळातही आत फांद्या गळणं आणि नव्या फुटणं चालूच असतं. गळणं फुटण्यापेक्षा जास्त झालं की तंतू पुन्हा निराधार होतात. त्यातच वयोमानाने सगळ्यांच्याच काही चेतापेशी कमी होतात. याखेरीज, काही रुग्णांच्या पाठीच्या पाण्यात सौम्य दाहाच्या खुणा सापडल्या आहेत. त्यांचा या घसरणीत किती वाटा, यावर अजून एकमत नाही. भाराने थकलेल्या पेशींचं स्पष्टीकरण मात्र आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

मघाचंच उदाहरण पुढे नेऊ. वय पन्नास. वयामुळे म्हणा, भारामुळे म्हणा, सहा चेतापेशी गेल्या. पोलिओ न झालेल्या माणसाच्या १०० पैकी सहा गेल्या तर ९४ उरतात, आणि त्या बाकीचा भार सहज उचलतात. त्याला कळतही नाही. आपल्या माणसाच्या ३० पैकी सहा गेल्या की २४ उरतात. त्या नव्या फांद्या फोडायच्या परिस्थितीत नाहीत, उलट असलेल्या गाळताहेत. प्रत्येकीकडे २,५०० तंतू राहिले तर २४ गुणिले २,५०० म्हणजे ६०,०००. वयाचा घाव दोघांवर सारखाच, पण एकाचं काही बिघडलं नाही आणि दुसऱ्याची एक तृतीयांश ताकद गेली. म्हणूनच 'वय झालं' हे उत्तर अपुरं आहे.

ही घसरण सहसा हळू असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले मरिनोस डालाकस आणि त्यांचे सहकारी यांनी २७ रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्नायूंची ताकद वर्षाला सरासरी एक टक्क्याने घटत होती. एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. पण जिना चढायला, समजा, ४५ गुण ताकद लागते आणि एखाद्याकडे मुळात ५० गुणच होते. दहा-बारा वर्षांत तो ४५ च्या खाली येतो. त्याच्या दृष्टीने काल जिना चढता येत होता आणि आज येत नाही. आतली घसरण संथ असूनही बाहेरचा अनुभव कडेलोटाचा असतो, तो असा. पुष्कळदा एखादी पडझड, शस्त्रक्रिया, महिनाभर अंथरुणाला खिळून राहणं किंवा वाढलेलं वजन हे निमित्त होतं, आणि माणूस त्या निमित्तालाच कारण समजतो.

आणखी एक विसंगत वाटणारी गोष्ट. ज्यांना सुरुवातीला आजार तीव्र होता आणि ज्यांनी त्यातून भरपूर ताकद परत मिळवली, त्यांना हा त्रास होण्याचा संभव अधिक. भाराचं गणित लक्षात घेतलं की त्यात विसंगती उरत नाही.

५. शंभर वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही?

लक्षात आलं होतं. १८७५ साली पॅरिसमध्ये रेमों या डॉक्टरांनी एका १९ वर्षांच्या तरुणाची हकिगत नोंदवली. तान्हेपणी त्याला पोलिओसारखा लकवा झाला होता. कातडी कमावण्याच्या जड कामात तो राबत होता आणि त्याला नव्याने अशक्तपणा आला होता. चेताविकारांचे थोर अभ्यासक शार्को यांनी त्यावर बोलताना अतिश्रमाकडे बोट दाखवलं. भाराची कल्पना इतकी जुनी आहे. पण असे रुग्ण विखुरलेले होते, एकेकटे होते. त्या नोंदी कपाटात राहिल्या.

मग विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत पोलिओच्या मोठ्या साथी आल्या. १९५२ साली एकट्या अमेरिकेत सुमारे ५८,००० जणांना पोलिओ झाला. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली, काही वर्षांनी सेबिन यांची तोंडावाटे द्यायची लस आली, साथी थांबल्या आणि पाश्चात्त्य डॉक्टरांनी पोलिओचं पुस्तक मिटलं. पहिला आजार आणि नवा त्रास यांच्यात सरासरी ३५ वर्षांचं अंतर असतं. साथींच्या वर्षांत ३५ मिळवा. १९८० चं दशक येतं. नेमक्या त्याच सुमाराला अमेरिकेत हजारो माणसं दवाखान्यांत जाऊन तोच प्रश्न विचारू लागली आणि बहुतेकांना ऐकावं लागलं की हे तुमच्या मनाचे खेळ आहेत.

त्यांचं ऐकून घेतलं ते जिनी लॉरी या बाईंनी. त्या डॉक्टर नव्हत्या. पोलिओने त्यांच्या स्वतःच्या भावंडांचे बळी घेतले होते आणि अपंगांसाठी त्या एक नियतकालिक चालवत होत्या. वाचकांची पत्रं वाचता वाचता त्यांना दिसलं की सगळे एकच गोष्ट लिहिताहेत. १९८१ साली त्यांनी शिकागोत परिषद भरवली आणि डॉक्टर व रुग्णांना एकत्र बसवलं. १९८४ मध्ये जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे, जिथे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आपल्या लुळ्या पायांवर उपचार घेत असत, तिथे तज्ज्ञांची बैठक झाली. या कामात पुढे असलेले डॉ. लॉरो हॉलस्टेड स्वतः पोलिओतून वाचलेले होते. १९५४ साली, अठराव्या वर्षी, युरोपच्या प्रवासात त्यांना पोलिओ झाला होता. ते इतके बरे झाले की पुढे जपानमधला फुजी पर्वत चढून आले. आणि कित्येक वर्षांनी त्यांच्याच पायांची ताकद जाऊ लागली. रुग्णांनी वैद्यकाला शिकवलेला हा आजार आहे. डॉक्टरांच्या दारात तोंड मिटून बसणाऱ्या आपल्याकडच्या माणसाने ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

६. ओळखायचं कसं?

रक्ताची किंवा स्कॅनची अशी एकही तपासणी नाही की जी 'हो' किंवा 'नाही' सांगेल. निदान हकिगतीवरून होतं. लहानपणी लकव्याचा पोलिओ झाला होता का, त्यातून बरीच सुधारणा झाली का, त्यानंतर निदान पंधराएक वर्षं तब्येत स्थिर होती का, आणि मग नवा अशक्तपणा किंवा लवकर दमणं सुरू होऊन वर्षभर टिकलं आहे का, हे विचारायचं. सोबत स्नायू-सांधेदुखी, स्नायूंचं नव्याने वाळणं, थंडी सहन न होणं, झोपेत श्वास अपुरा पडणं, गिळताना ठसका लागणं यांपैकी काही असू शकतं. स्नायूंची विद्युत तपासणी, म्हणजे ईएमजी, जुना पोलिओ होता याची खूण दाखवते. पण आजची घसरण त्याचीच आहे हे ती सिद्ध करू शकत नाही.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. दुसरं कारण नाही ना, हे पाहायचं. थायरॉइड, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय, मणक्यात दबलेली नस, नैराश्य, ही सगळी थकवा आणि अशक्तपणा देतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर चांगला उपचार आहे. 'मला पोस्ट-पोलिओच आहे' असं स्वतःच ठरवून ब-१२ ची तपासणी न करणं हे दुहेरी नुकसान.

७. जिद्दीचं काय करायचं?

चेतापेशींची गळती थांबवणारं औषध आज उपलब्ध नाही. स्टेरॉइड, पायरिडोस्टिग्मिन, अमॅन्टाडिन यांच्या चाचण्या झाल्या, ठोस फायदा दिसला नाही. शिरेतून देण्याच्या इम्युनोग्लोब्युलिनचे निष्कर्ष उलटसुलट आहेत आणि ते फार महाग आहे. तेव्हा 'गेलेली ताकद परत आणून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नयेत. पण औषध नाही म्हणजे उपाय नाही असं अजिबात नाही. जे उरलं आहे ते जपता येतं आणि त्याने रोजच्या जगण्यात मोठा फरक पडतो.

अडचण अशी की हा उपाय या माणसांच्या आयुष्यभराच्या शिकवणीच्या उलट आहे. पोलिओ झालेल्या मुलाला घराने, शाळेने, डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली: जोर लाव, रडू नकोस, इतरांपेक्षा मागे राहू नकोस. त्याने जोर लावला. 'पोलिओ असून किती करतो बघा' हे कौतुक त्याच्या जगण्याचा कणा झालं. अनेकांनी तारुण्यात पायाला आधार देणारा कॅलिपर काढून फेकला, लग्न ठरताना मुलींना तर तो लपवावाच लागला. त्या माणसाला पन्नाशीत 'आता जरा कमी करा, कॅलिपर परत लावा, लांबच्या चालीसाठी व्हीलचेअर घ्या' हे ऐकणं म्हणजे आयुष्यभराची कमाई परत मागितल्यासारखं वाटतं. मला वाटतं, या आजारातलं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे. समजावणाऱ्याने ते ओळखूनच बोलायला हवं. जिद्द सोडायची नाही, तिला दुसऱ्या कामाला लावायचं: शक्ती मोजून, ठरवून खर्च करायची.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? समजा एक शिक्षक आहेत. सकाळी उठून दूध आणतात, अंघोळ उभ्याने करतात, बस पकडतात, चार तास उभं राहून शिकवतात, येताना भाजी घेतात आणि संध्याकाळी पाच वाजता कोसळतात. त्यांना काम सोडायला सांगायची गरज नाही. दूध घरपोच घ्यावं. बाथरूममध्ये स्टूल ठेवून बसून अंघोळ करावी. वर्गात उंच खुर्चीवर बसून शिकवावं. तळमजल्यावरचे वर्ग मागून घ्यावेत, तो त्यांचा हक्क आहे. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं आडवं व्हावं. भाजी दुसऱ्या कुणी आणावी. संध्याकाळी मुलांशी गप्पा मारायला ते जागे असतील. दमल्यावर विश्रांती घेणं उशिराचं असतं, दमण्याआधी घ्यायची असते. पोलिओच्या स्नायूंवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की मध्ये मध्ये थांबून केलेल्या कामाने स्नायू कमी थकतो आणि त्याची ताकद लवकर परत येते.

व्यायाम बंद करायचा का? नाही. न वापरल्यानेही स्नायू जातात. पोहणं, कोमट पाण्यात हालचाली, हलकं सायकलिंग, श्वासाचे व्यायाम, सांधे आखडू नयेत म्हणून ताण देणं हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावं. बरे असलेले स्नायू जपून बळकट करता येतात. नव्याने अशक्त झालेल्यांना मात्र जोराने राबवू नये. खूण सोपी आहे: व्यायामानंतर दुखणं किंवा अशक्तपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, तर तो व्यायाम जास्त झाला. जिममध्ये दुखेपर्यंत करण्याचा नियम इथे घातक.

मांडीवर हात टेकून चालणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मांडीचा पुढचा स्नायू गेलेला असतो, गुडघा दुमडू नये म्हणून प्रत्येक पावलाला हाताने तो मागे दाबून धरावा लागतो. या चालीने वर्षानुवर्षं निभावतं खरं, पण कंबर वाकते, मनगट आणि खांदा झिजतो. काहींचा गुडघा उलटा मागे जातो आणि अस्थिबंध सैल होतात. चांगल्या बसवलेल्या कॅलिपरने हे सगळं कमी होतं. जुना कॅलिपर म्हणजे लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे आणि जड बूट. आता पॉलिप्रोपिलीनचे, कार्बन फायबरचे हलके प्रकार येतात आणि पँटखाली झाकूनही जातात. आखूड पायाच्या बुटाला योग्य उंची देणं ही त्याहून साधी गोष्ट, पण कमरेचं दुखणं त्याने बरंच हलकं होतं. कुबड्यांवर चालणाऱ्यांनी खांदे जपावेत, कारण खांदा गेला तर कुबडीही जाते. भारतीय संडासाऐवजी कमोड, त्याशेजारी धरायला दांडा, ओट्याजवळ उंच स्टूल, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, एवढे बदल पडझड टाळतात. पोलिओच्या पायाचं हाड ठिसूळ असतं, त्यामुळे साध्या पडण्यानेही खुबा मोडू शकतो. आणि वजन. वाढलेला प्रत्येक किलो त्याच थोड्या चेतापेशींना उचलावा लागतो.

थंडीत हा पाय गार, निळसर पडतो आणि आधीच कमी असलेली ताकद आणखी घटते. लोकरीचा मोजा, कोमट पाण्याचा शेक आणि एसीपासून अंतर यांनी आराम मिळतो. चटका बसणार नाही एवढी काळजी घ्यावी.

दोन गोष्टींकडे दुर्लक्ष केल्यास जीवावर बेतू शकतं. पहिली म्हणजे श्वास. ज्यांचे पोलिओत छातीचे स्नायू गेले होते किंवा ज्यांची पाठ कणा वाकून कुबड आल्यासारखी झाली आहे, त्यांचा श्वास झोपेत अपुरा पडू शकतो. सकाळी डोकेदुखी, दिवसभर पेंग, रात्री वारंवार दचकून जाग, ही त्याची लक्षणं. यावर रात्री मास्क लावून श्वासाला मदत करणारं यंत्र मिळतं आणि त्याने माणसाचं आयुष्य पालटतं. नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही, कारण अडचण हवा आत-बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंची असते, आणि कधी कधी त्याने कार्बन डायऑक्साइड साचून धोका वाढतो.

दुसरी म्हणजे भूल. मोतीबिंदूपासून पित्ताशयापर्यंत कुठल्याही शस्त्रक्रियेआधी, 'मला लहानपणी पोलिओ झाला होता' हे सर्जनला आणि भूलतज्ज्ञालाही स्वतःहून सांगावं, पाय बघून त्यांना कळेल असं धरू नये. स्नायू सैल करणारी औषधं आणि गुंगीची औषधं अशा शरीरावर अधिक आणि जास्त वेळ परिणाम करू शकतात. मात्रा बेताने ठरवावी लागते, शस्त्रक्रियेनंतर श्वासावर जास्त वेळ नजर ठेवावी लागते, अंग उबदार ठेवावं लागतं. हे एका कागदावर लिहून आधारकार्डासोबत पाकिटात ठेवावं. बेशुद्धावस्थेत नेलं तर तोच कागद बोलेल.

८. आपल्याकडे वेळ आत्ताची का?

मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी संघटित काम स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झालं. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी उपचार शोधताना त्यांनी इतरांच्या मुलांसाठीही दवाखाना उभा केला. हाजीअलीला १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था स्थापन झाली. कॅलिपरसाठी 'हाजीअली'ला जाणं हे महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांच्या आठवणीत आहे. पण हे सगळं मुलांसाठी होतं. ती मुलं मोठी होऊन पुन्हा येतील, याची तजवीज कुणीच केली नव्हती.

आता ते ३५ वर्षांचं गणित भारताला लावू. लसीकरण सर्वदूर पोचण्यापूर्वी, १९७० आणि १९८० च्या दशकांत, देशात दरवर्षी दीड-दोन लाख मुलांना पोलिओ होत असावा, असे अंदाज आहेत. त्यात ३५ मिळवले की आपण गेल्या काही वर्षांत आणि आजच्या दिवसात येतो. अमेरिकेत पोलिओ मोठ्या मुलांना आणि तरुणांनाही होत होता. आपल्याकडे तो बहुतांशी तीन वर्षांखालच्या बाळांना झाला. म्हणून आपली माणसं ऐन कर्त्या वयात, चाळिशी-पन्नाशीत, हप्ते फेडताना आणि मुलांना शिकवताना या घसरणीला सामोरी जात आहेत. घरातलं कमावतं माणूस दमतं आहे आणि त्याला आळशी ठरवलं जात आहे.

दुसरीकडे, आपण पोलिओवर मात केली त्याचीच एक सावली पडली आहे. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात वन्य, म्हणजे लसीतून न आलेल्या, पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण सापडला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. खेडोपाडी 'दोन थेंब' घेऊन फिरलेल्या आशाताई, अंगणवाडीताई आणि स्वयंसेवक यांच्या पायपिटीचं ते फळ आहे. पण त्यानंतर डॉक्टर झालेल्या मुलामुलींनी ताजा पोलिओ कधी पाहिलेला नाही. त्यांच्या अभ्यासात पोलिओ म्हणजे लस आणि पाळत. समोर बसलेल्या बावन्न वर्षांच्या बाईंचा थकवा पन्नास वर्षांपूर्वीच्या तापाशी जोडायला त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

काही गोष्टी आजही करता येतील. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी पंचविशीत ठरलेली असते. ताकद घटली असेल तर फेरतपासणीसाठी अर्ज करावा, कारण सवलती आणि कामाच्या ठिकाणच्या सोयी त्या आकड्यावर ठरतात. जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिओथेरपी विभागांत आठवड्यातला एक दिवस पोलिओतून वाचलेल्यांसाठी ठेवता येईल, त्याला नवी इमारत लागत नाही. भूलशास्त्राच्या आणि श्वसनविकारांच्या पदव्युत्तर अभ्यासात याचा एक तास घालता येईल.

हे काम दहा-वीस वर्षांत आपोआप संपेल, असंही कुणी समजू नये. २००९ साली, म्हणजे पोलिओमुक्तीच्या अगदी उंबरठ्यावर, देशात वन्य पोलिओचे ७४१ रुग्ण नोंदले गेले. त्या वेळची बाळं आज शाळा संपवून कॉलेजच्या वाटेवर आहेत, धडपडून चालायला शिकली आहेत आणि त्यांच्या चेतापेशी भरपूर जादा भार वाहत आहेत. ती पन्नाशीला पोचतील तेव्हा २०६० साल जवळ आलेलं असेल.